खान्देशात राहून फौजदारी न्यायव्यवस्थेचा अभ्यास कसा करावा

बारावीनंतर किंवा पदवीनंतर ज्याला पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांच्या कारभाराचा पद्धतशीर अभ्यास करायचा आहे, त्याला जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात चौकशी करताना पहिलीच अडचण येते ती अशी की, ‘फौजदारी न्याय’ अशी पाटी लावलेला पदवी अभ्यासक्रम आपल्या भागात सहसा मिळत नाही. विषय मात्र येथे आहेच, फक्त तो विखुरलेला आहे. त्याचा काही भाग विधी महाविद्यालयात शिकवला जातो, काही भाग समाजशास्त्राच्या आणि समाजकार्याच्या वर्गात येतो, काही भाग प्रयोगशाळेत असतो आणि बराचसा भाग तालुक्याच्या न्यायालयात रोज सकाळी अकरापासून सुरू असतो. हे तुकडे विद्यार्थ्याने स्वतः जुळवायचे असतात. ते कलमे पाठ करून जुळत नाहीत. एखाद्या गुन्ह्याचा फिर्यादीपासून शिक्षेपर्यंत किंवा निर्दोष मुक्ततेपर्यंत कागदोकागदी माग काढला, तर ते आपोआप एकमेकांना चिकटत जातात. पुढील मार्गदर्शन याच पद्धतीला धरून केले आहे.

प्रवेशाचा मार्ग

सर्वांत सरळ मार्ग कायद्याच्या पदवीचा आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. दोन्हींसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची विधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा मराठी व इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत देता येते आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. बारावीच्या किंवा पदवीच्या परीक्षेत खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के गुणांची अट आहे व मागास प्रवर्गांसाठी ती शिथिल आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगावचे एस. एस. मणियार विधी महाविद्यालय, नंदुरबारचे नंदुरबार तालुका विधायक समितीचे विधी महाविद्यालय ही ठिकाणे आहेत, धुळ्यातही सोय आहे. कोणत्याही महाविद्यालयात शुल्क भरण्यापूर्वी त्या वर्षासाठी भारतीय विधिज्ञ परिषदेची मान्यता चालू आहे की नाही, याची लेखी खात्री करून घ्यावी, कारण मान्यता नसेल तर पदवी हाती येऊनही वकिलीची सनद मिळत नाही.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी वेगळी राष्ट्रीय परीक्षा आहे. ती केवळ इंग्रजीत होते आणि तीत चुकीच्या प्रत्येक उत्तरामागे पाव गुण कापला जातो. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या विद्यार्थ्याने ती देऊच नये असे नाही, परंतु तिच्या तयारीचे स्वरूप निराळे आहे आणि एकाच पुस्तकावर दोन्ही परीक्षा काढण्याचा हिशेब सहसा जमत नाही.

ज्याला गुन्ह्यापेक्षा गुन्हेगार, पीडित आणि समाज यांच्यात अधिक रस आहे, त्याने समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन कला शाखेची पदवी करावी आणि त्यानंतर समाजकार्याकडे किंवा गुन्हेगारीशास्त्राकडे वळावे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेगारीशास्त्र व न्याय या विषयातील पदव्युत्तर समाजकार्याची परंपरा मोठी आहे. तुरुंगातील व सुटून आलेल्या व्यक्तींसाठी काम करणारा ‘प्रयास’ हा तिचा क्षेत्रप्रकल्प १९९० पासून चालू आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा मुंबईच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स) संस्थेत पदवी घेता येते. नंदुरबार, नवापूरकडच्या मुलांना सुरतमार्गे गांधीनगर गाठणेही अवघड नाही आणि तेथे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे.

निर्णय पक्का नसेल तर समाजशास्त्रासह कला शाखेची पदवी आणि त्यानंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम हा क्रम मला अधिक योग्य वाटतो. त्यात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमापेक्षा एक वर्ष जास्त जाते हे खरे, परंतु जात, जमीन, स्थलांतर आणि भाऊबंदकी यांचा अभ्यास करून आलेला विद्यार्थी फिर्याद वाचताना ज्या ओळीवर थांबतो, त्या ओळीवर केवळ कलमे वाचलेला विद्यार्थी थांबत नाही. शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर वेळेत भरावेत. जातवैधता प्रमाणपत्राचे काम मात्र बारावीतच सुरू करावे.

जुने आणि नवे असे दोन्ही कायदे

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि भारतीय पुरावा अधिनियम यांची जागा अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांनी घेतली. १८६० च्या दंड संहितेत ५११ कलमे होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. नागरिक सुरक्षा संहितेत ५३१ आणि साक्ष्य अधिनियमात १७० कलमे आहेत. यावरून ‘आता जुने पुस्तक रद्दीत’ असा निष्कर्ष काढणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात आणि तो निष्कर्ष चुकीचा आहे. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशी जो कायदा लागू होता, त्यानुसारच शिक्षा होते. ही हमी संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये आहे. १ जुलैला प्रलंबित असलेले तपास आणि खटलेही जुन्या प्रक्रियेनेच पुढे चालतात. जून २०२४ मध्ये घडलेला आणि ऑगस्टमध्ये नोंदवलेला गुन्हा घेतला, तर शिक्षेचे कलम जुने आणि तपासाची प्रक्रिया सामान्यतः नवी, असे मिश्रण तयार होते. शिवाय आजवरचे जवळजवळ सगळे महत्त्वाचे न्यायनिर्णय जुन्याच क्रमांकांनी बोलतात. त्यामुळे पुढची बरीच वर्षे न्यायालयात दोन्ही पुस्तके लागणार आहेत.

यासाठी वहीत पहिल्या दिवसापासून तीन रकान्यांचा तक्ता ठेवावा: जुने कलम, नवे कलम आणि मजकुरात झालेला बदल. दंड संहितेतले खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८ च्या पोटकलम ४ मध्ये गेले, प्रक्रिया संहितेतले प्रथम खबरी अहवालाचे १५४ आता १७३ आहे, अटकपूर्व जामिनाचे ४३८ आता ४८२ आहे. येथे सावध राहावे, कारण जुन्या प्रक्रिया संहितेत ४८२ हे उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे कलम होते आणि ते आता ५२८ झाले आहे. जुलै २०२४ पूर्वीच्या निवाड्यात ४८२ दिसले की अटकपूर्व जामीन समजून वाचणारा विद्यार्थी पूर्ण निवाडा उलटाच समजून घेतो. तक्त्यातला तिसरा रकाना सर्वांत मोलाचा असतो. तयार छापील तक्त्यांत तो बहुधा नसतो, म्हणून तक्ता विकत घेऊ नये, मूळ मजकूर शेजारी ठेवून स्वतः भरावा. मूळ अधिनियम शासनाच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

एक गुन्हा हाती घ्यावा: कापलेली केळी

पद्धत कशी चालते हे दाखवण्यासाठी रावेर, यावल पट्ट्यात वारंवार ऐकू येणारा गुन्हा घेऊ. रात्रीतून कोणीतरी केळीच्या बागेत शिरते, कोयत्याने घड लागलेली खोडे कापते, ठिबकच्या नळ्या तोडते आणि निघून जाते. सकाळी शेतकरी पोलीस ठाण्यात जातो. आता विद्यार्थ्याने विचारायचा पहिला प्रश्न असा की, हा कोणता गुन्हा आहे. घड नेलेले नाहीत, म्हणून चोरी नाही. ही आगळीक आहे, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचे मुद्दाम केलेले नुकसान. परंतु त्यातले दोन घड कापून नेले असतील, तर चोरीही झाली, कारण जमिनीला चिकटलेली वस्तू जंगम मालमत्ता नसली, तरी ती जमिनीपासून वेगळी होताच तिची चोरी होऊ शकते. हे स्पष्टीकरण न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येच दिलेले आहे.

दुसरा प्रश्न नुकसानीच्या रकमेचा आहे आणि येथे कायदा व शेती एकमेकांत मिसळतात. जुन्या संहितेच्या कलम ४२७ मध्ये नुकसान ५० रुपये किंवा अधिक असले की दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १८६० साली ५० रुपये ही मोठी रक्कम होती, पुढे ती मर्यादा निरर्थक झाली. न्याय संहितेच्या कलम ३२४ ने नव्या पायऱ्या केल्या: नुकसान २०,००० रुपये ते एक लाखापेक्षा कमी असेल तर दोन वर्षांपर्यंत, एक लाख किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. समजा, दीडशे खोडे कापली गेली आणि प्रत्येक घड वीस किलोचा धरला, तर माल ३० क्विंटल झाला. भाव क्विंटलला १,००० रुपये असेल तर नुकसान ३०,००० रुपये होते आणि ३,५०० असेल तर १,०५,००० होते. कृत्य तेच, माणूस तोच, कोयताही तोच, परंतु त्या आठवड्याच्या बाजारभावामुळे शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर जाते. मग मूल्यांकन कोणी करावे, घड तयार व्हायला दोन महिने असतील तर भाव कोणत्या दिवसाचा धरावा, झालेला खर्च वजा करावा का, हे प्रश्न कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सोडवलेले नसतात. ते बचाव पक्षाचे वकील उलटतपासणीत विचारतात. अशा प्रश्नांची यादी ज्याच्या वहीत आहे, त्याला पेपर लिहिताना उदाहरणे शोधावी लागत नाहीत.

तिसरा टप्पा नोंदीचा. गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत पाहण्याची सवय लावावी. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असे ठरवले की, खबरीतून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर तो नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे आणि प्राथमिक चौकशी काही ठराविक प्रकारांतच करता येते. नव्या संहितेचे कलम १७३ चे पोटकलम ३ मात्र तीन वर्षे किंवा अधिक परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा देते. पाच वर्षांच्या शिक्षेची आपली केळी नेमकी या पट्ट्यात येते. शेतकऱ्याला चौदा दिवस थांबवणे योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी एकेक पान लिहून पाहावे.

चौथा टप्पा अटकेचा. संशयिताला ठाण्यात बोलावून नोटीस दिली आणि घरी पाठवले, की गावात ‘पोलिसांनी पैसे खाल्ले’ अशी चर्चा सुरू होते. खातेही असतील कोणी, परंतु सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात कारणे नोंदवल्याशिवाय अटक करू नये आणि अटकेची गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी, हा कायदाच आहे. पूर्वी तो प्रक्रिया संहितेच्या कलम ४१ व ४१-अ मध्ये होता, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे, आणि अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तो काटेकोरपणे पाळण्याचे निर्देश दिले. लोकांच्या तक्रारीमागे गैरव्यवहार आहे की कायद्याचे पालन आहे, हे वेगळे करता येणे ही या विषयाच्या विद्यार्थ्याची पहिली कसोटी मानावी.

पाचवा टप्पा पुराव्याचा, आणि येथे पंचनामा वाचायला शिकावे. घटनास्थळ पंचनाम्यात गट नंबर, चतुःसीमा, सुरुवात व शेवटाची वेळ, पंचांची नावे व राहण्याचे ठिकाण, जप्त मुद्देमालाचे वर्णन, लाखेचा सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी हे सगळे असते. वेळ आधी पाहावी. पंचनामा सकाळी सात वाजता सुरू झाला आणि फिर्याद नऊ वाजता नोंदली गेली असेल, तर प्रश्न उभा राहतो. पंच कोठला आहे ते पाहावे. शेतापासून तीस किलोमीटरवरचा आणि दर दुसऱ्या प्रकरणात सही करणारा पंच असेल, तर बचाव पक्ष त्याच्यावरच हल्ला चढवणार. पुढे आरोपीने पंचांसमोर ‘केळी मीच कापली, कोयता नाल्याच्या काठी बाभळीखाली पुरला आहे, काढून देतो’ असे निवेदन केले आणि कोयता निघाला, असे धरा. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. त्या वाक्यातला केवळ कोयत्याच्या शोधाशी थेट संबंध असलेला भाग येतो. पुरावा अधिनियमाचे जुने कलम २७ आणि साक्ष्य अधिनियमाच्या आताच्या कलम २३ चे परंतुक (मूळ नियमाला जोडलेला अपवाद) हेच सांगते, आणि पुलुकुरी कोट्टय्या हा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाचा, जुना निर्णय अजूनही त्याच्या व्याख्येसाठी उद्धृत होतो. त्या एका वाक्यावर पेन्सिलीने रेघ मारून कोणते शब्द राहतील आणि कोणते गळतील हे स्वतः ठरवावे, मग निर्णय वाचावा. क्रम उलटा केला तर शिकणे होत नाही.

न्यायालयात बसणे

फौजदारी खटला खुल्या न्यायालयात चालतो, त्यामुळे विद्यार्थ्याला मागच्या बाकावर बसायला कोणाची शिफारस लागत नाही. बलात्कारासारख्या प्रकरणांची सुनावणी बंद दाराआड होते, तेथे जाण्याचा हट्ट धरू नये. विधी शिक्षणाच्या नियमांनुसार विद्यार्थ्याने एक दिवाणी व एक फौजदारी असे दोन खटले पाहून त्यांची नोंद करायची असते आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यायचे असते. हे काम अनेकदा वरिष्ठांच्या वहीवरून उतरवून उरकले जाते. परीक्षेचे गुण त्यानेही मिळतात. शिक्षण मात्र त्या बाकावरच होते.

बसताना एकाच खटल्याच्या मागे लागावे. ई-कोर्ट सेवेवर प्रकरणाचा सोळा अंकाक्षरी क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि आदेश दिसतात, म्हणजे शिरपूर किंवा तळोद्याहून येणाऱ्या मुलाचा फेरा वाया जात नाही. सकाळी दाराबाहेर लागलेला बोर्ड वाचावा, पुकारा झाल्यावर कोण उठतो आणि कोण गैरहजर आहे ते टिपावे, तारीख का पडली याचे कारण रोजनाम्याच्या, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीच्या, भाषेत लिहून घ्यावे. समन्स बजावले गेले नाही, तपासी अंमलदार बंदोबस्तात आहे, पंच आले नाहीत, अहवाल प्रयोगशाळेतून यायचा आहे, अशी कारणे महिनाभर नोंदवली की खटले का रखडतात यावर पुस्तकातल्या प्रकरणापेक्षा अधिक माहिती हाती येते. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणाने जलद सुनावणीचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये ओवला. तो निवाडा या यादीसोबत वाचावा.

साक्षीदाराच्या बोलीकडेही लक्ष द्यावे. धुळ्याच्या न्यायालयात म्हातारी आई अहिराणीत सांगते, धडगावची साक्षीदार पावरीत बोलते, नोंद मराठीत होते आणि प्रकरण अपिलात छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे गेले की कागद इंग्रजीत जातात. या प्रवासात काय गळते हे ओळखण्याची क्षमता पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याकडे नाही, ती आपल्याकडे आहे. ज्याला भिली, पावरी किंवा मावची येते त्याने ती लपवू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला असे विधी स्वयंसेवक हवे असतात आणि त्या कामातून पोलीस ठाणे, न्यायालय व तुरुंग या तिन्ही ठिकाणांची दारे रीतसर उघडतात.

राईनपाडा आणि त्यामागचा इतिहास

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, भिक्षा मागून जगणारे होते. खान्देशातील विद्यार्थ्याने या घटनेचा अभ्यास टाळू नये. तो सनसनाटीसाठी नसावा, तर फौजदारी न्यायाचे सगळेच प्रश्न तीत एकत्र येतात म्हणून असावा.

कायद्यापासून सुरुवात करू. त्या वेळी जमावाने केलेल्या खुनासाठी वेगळे कलम नव्हते, खुनाचे ३०२ आणि बेकायदा जमावाची १४३ ते १४९ ही कलमेच उपलब्ध होती. १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात नोडल पोलीस अधिकारी नेमण्यासह प्रतिबंधक निर्देश दिले आणि संसदेने स्वतंत्र कायदा करावा अशी शिफारस केली. न्याय संहितेत कलम १०३ चे पोटकलम २ त्यानंतर आले. पाच किंवा अधिक व्यक्तींच्या गटाने संगनमताने वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला, तर गटातील प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप व दंड. आता विद्यार्थ्याने विचार करावा: असाच प्रसंग आज घडला तर तो या पोटकलमात बसेल का? जमावाचे कारण मुले पळवण्याची अफवा होते, जात नव्हे. मग अनोळखी पेहराव, परकी बोली आणि भटके असणे यांमुळेच संशय आला, असे सिद्ध करून ‘समुदाय’ किंवा ‘तत्सम कारण’ या शब्दांत ते बसवता येईल का? माझे मत असे की, ‘तत्सम’ हा शब्द येथे फार ताणावा लागतो आणि अफवेतून होणाऱ्या हत्या या तरतुदीच्या बाहेर राहण्याचा धोका खरा आहे. विरुद्ध मत मांडणाराही चांगला युक्तिवाद करू शकेल, म्हणूनच हा विषय वर्गातील वादविवादाला योग्य आहे.

दुसरा धागा इतिहासाचा. १८१८ नंतर खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा सातपुडा व सातमाळ्यातील भिल्लांच्या उठावांना तोंड देताना त्यांनी शिक्षा आणि नोकरी दोन्ही वापरल्या. इंग्रज लष्करी अधिकारी आउट्रमने १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, ती या दुसऱ्या धोरणाचा भाग होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मावरूनच माणसाला संशयित ठरवले. तो १९५२ साली रद्द झाला, परंतु सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून, तुरुंगाच्या नियमावल्यांतून आणि ठाण्यातल्या नजरेतून तो वर्षानुवर्षे झिरपत राहिला. सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातील जातीवर आधारलेली कामवाटणी आणि विमुक्त जमातींविषयीच्या अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. राईनपाड्याचा जमाव, हा निवाडा आणि आपल्या गावाबाहेरचे पाल यांचा एकत्र विचार केल्याशिवाय गुन्हेगारीशास्त्रातला ‘ठपका’ हा सिद्धांत (समाजाने गुन्हेगार म्हणून शिक्का मारला की माणूस त्याच नजरेने पाहिला जातो) कोरडाच राहतो. सातपुड्यात डाकीण ठरवून बाईला मारण्याच्या घटनांचा अभ्यासही असाच करता येतो. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आणि २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वाचावा, आणि कायदा असूनही फिर्याद का येत नाही हा प्रश्न पोलीस पाटलाला विचारावा.

आकडे आणि तुरुंग

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशातील गुन्ह्यांचा व तुरुंगांचा अहवाल काढतो. तो वाचताना एक नियम ध्यानात ठेवावा: एका गुन्हा नोंदणीत अनेक कलमे असली, तरी मोजणीत सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो. खुनासोबत झालेली चोरी चोरीच्या रकान्यात दिसत नाही. तसेच आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले असे नसून नोंदणी सुधारली असेही असू शकते. दुर्गम तालुक्यातला कमी आकडा शांततेचा असतो की ठाणे दूर असल्याचा, हे अहवाल सांगत नाही. त्यासाठी गावातच विचारावे लागते.

देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन बंदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ तुरुंगात काढला असेल, तर सुटकेचा प्रश्न येतो. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना ही तरतूद लागू नाही. तीन वर्षांच्या चोरीच्या गुन्ह्यात एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. हा हिशेब कोणीतरी करून अर्ज लिहावा लागतो आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या तुरुंगभेटींत विद्यार्थी नेमके हेच करू शकतात. भेटीसाठी महाविद्यालयामार्फत आधी लेखी परवानगी घ्यावी. (धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. खान्देशातल्या तुरुंगाची ही एकच गोष्ट सर्वांना ठाऊक असते, आज आत कोण आहे हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.)

लिहिताना आणि पुढे जाताना

प्रकल्प लिहिताना लैंगिक गुन्ह्यातील पीडितेचे किंवा कोणत्याही बालकाचे नाव, गाव, शाळा किंवा ओळख पटेल असा तपशील वहीतही लिहू नये. न्याय संहितेच्या कलम ७२ ने आणि बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने ओळख उघड करणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि हरवलेली वही कोणाच्याही हाती पडू शकते. चालू खटल्यातील साक्षीदाराशी प्रकरणाबद्दल बोलू नये. न्यायालयात मोबाईल बंद ठेवावा. निवाडा उद्धृत करताना वर्तमानपत्रातील बातमीवर न थांबता मूळ निवाडा उघडावा. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे विनामूल्य उपलब्ध आहेत आणि काहींचे मराठी अनुवादही मिळतात, तरी अर्थाचा वाद असेल तेथे इंग्रजी मजकूरच प्रमाण मानावा. स्थानिक विषय निवडायचा असेल तर जळगाव घरकुल प्रकरणासारखे (नगरपालिकेच्या घरबांधणी योजनेतील गैरव्यवहाराचे) खटले आहेत, ज्याचा निकाल धुळ्याच्या विशेष न्यायालयाने २०१९ साली दिला. आर्थिक गुन्ह्याचा तपास किती वर्षे चालतो याचा आराखडा त्यातून नीट काढता येतो.

नोकरीचा विचार तिसऱ्या वर्षापर्यंत लांबवू नये. पोलीस उपनिरीक्षकपदासाठी कोणतीही पदवी चालते, पण मैदानी चाचणीचा सराव लवकर सुरू करावा लागतो. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निर्णयाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, म्हणून पदवीनंतर लगेच न्यायाधीश होण्याचे वेळापत्रक आता सोडून द्यावे आणि ती तीन वर्षे तालुक्याच्या न्यायालयात फौजदारी काम करणाऱ्या वकिलाकडे काढावीत. असा वकील निवडताना त्याच्याकडे किती पक्षकार येतात यापेक्षा तो कनिष्ठांना उलटतपासणीच्या आदल्या संध्याकाळी फाइल वाचायला देतो की नाही, हे आधी विचारावे.